मावशींचं ‘बरं आहे’

खुर्चीत बसण्याआधी मावशी माझ्या कॉम्प्युटरचा पडदा भिंतीकडे वळवायच्या. “माह्या डोक्यातलं माह्याजवळ राहू दे,” म्हणायच्या आणि मगच डोक्यावरचा पदर मागे घ्यायच्या.

खामगावातल्या एका मानसोपचार दवाखान्यात मी मेंदूच्या लहरींचे आलेख काढते. मावशी पिंपळगाव राजाच्या, शेतीवाडी असलेल्या घरच्या. यजमान गेल्यावर त्यांनी जेवण टाकलं, बोलणं टाकलं. शेवटी मुलगा घेऊन आला. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. त्याआधी एक आलेख काढला आणि काही आठवड्यांनी दुसरा, औषध लागू पडतंय का याचा अंदाज यावा म्हणून.

दुसऱ्याने दिलेला चहा आधी हुंगून पाहणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मावशी त्यांतल्या. तारा चिकटवायला डोक्याला लावते त्या जेलमध्ये काय मिसळलंय, तारांतून करंट सोडते का, सगळं विचारायच्या. यात विचार दिसत नाहीत, नुसत्या रेघा दिसतात, असं मी सांगितलं.

“रेघा पाहाले कोणी एवढं महागाचं मशीन घेते काय?”

दुसऱ्या खेपेला त्यांनी डॉक्टरांच्या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर दिलं, बरं आहे. झोप बरी, जेवण बरं. मुलगा खूश होऊन गोळ्या कधी बंद होतील ते विचारू लागला. आलेखात मात्र हवा तो बदल नव्हता. आलेखही चुकतो, नुसत्या त्यावरून काही ठरत नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण मुलाला बाहेर बसवून त्यांनी मावशींना पुन्हा विचारलं.

मावशींनी दाराकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, “सकाळी जाग येऊच नये असं वाटते. घरी सांगितलं तर मले येडी ठरवून सातबाऱ्यावरचं नाव काढून घेतीन.”

डॉक्टरांनी औषध बदललं. मुलाला आत बोलावून त्यांच्यासमोरच सांगितलं की हा आजार आहे, वेड नव्हे. सध्या यांना एकटं सोडू नका. मुलगा रडायला लागला. मावशी ते रडणं खरं की खोटं, हे बराच वेळ निरखत राहिल्या.

काही महिन्यांनी त्या आल्या तेव्हा माझी तयारी झाली होती, पण त्या खुर्चीत बसेनात.

“मशीनले काऊन विचारतं वं? मले विचार.”

मी विचारलं, कसं वाटतंय.

“काल वरणाले फोडणी देल्ली,” त्या म्हणाल्या. “लसणाचा वास आला मले.”

त्यानंतर त्या माझ्या खोलीत आल्या नाहीत. शेवटच्या दिसल्या त्या त्याच दिवशी, खिडकीतून. रस्ता ओलांडताना मुलाने हात पुढे केला होता. मावशींनी तो हात नीट पाहिला, आणि मग धरला.