केळ्याच्या वासाची बिअर

डोर्टेने तळघराचं दार उघडलं आणि केळ्याचा वास आला.

घरात केळं औषधालाही नव्हतं. वास पिंपातून येत होता. एरहार्ट, म्हणजे तिचा नवरा, बिअर करायचा तेव्हा यीस्ट थंडीत तळाशी बसून मुकाट्याने काम करायचं. इथे फेस दुधासारखा उतू जाऊन फरशीवर ओघळला होता. काहीतरी भलतंच यीस्ट पडलं होतं.

गावात बिअर शिजते सगळ्यांच्या सामायिक भट्टीवर आणि आंबते ज्याच्या त्याच्या तळघरात. तयार झाली की शिडी लावून घरावर सहा टोकांची चांदणी टांगायची, मग गाव प्यायला येतं. पाळ्या ठरलेल्या. लागोपाठ दोन वर्षं चांदणी लागली नाही, की पाळी कायमची शेजारच्या घराची. गेल्या वर्षी एरहार्टला अर्धांगाचा झटका आला आणि पाळी हुकली. आता हीसुद्धा हुकली तर सात पिढ्यांची चांदणी खाली येणार. आणि कुणामुळे? उत्तरेकडच्या कील बंदराहून लग्न होऊन आलेल्या बाईमुळे. सहा वर्षं झाली तरी गावाच्या तोंडी ती अजून 'प्रशियन बाई'च, म्हणजे उत्तरेकडची परकी. आता कोणाला सांगणार ती?

झटक्यानंतर एरहार्टचे शब्द बिचारे वाट चुकत. मीठ हवं असलं की तो जिना मागे. पण यीस्ट आणायच्या दिवशी तिचा हात धरून त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "श्मीड. श्मीडकडून." श्मीड म्हणजे लोहार. गावात त्या आडनावाचं एकच कुटुंब. निदान हा शब्द तरी नीट आला, या आनंदात ती त्यांच्याकडून बरणी घेऊन आली होती.

पाच आठवडे ती भीतीने अर्धी झाली. कुणी दार वाजवलं की आधी तळघराचं दार लावी. थंडीत वास जाईल, असं रोज मनाला समजावी. कुठला जायला.

चांदणी चढवण्याआधी शेजारच्या घरातल्या वडीलधाऱ्याने एक घोट घ्यायचा, अशी रीत. गुरुवारी दुपारी बाबेट वुर्डाक काठी टेकत आली. ऐंशी वर्षांची, जिभेने तिखट.

"काय गं, यीस्ट न्यायला आली नाहीस ती? मी बरणी काढून ठेवली होती."

"तुमच्याकडे, आजी? पण एरहार्ट तर श्मीड म्हणाला."

"मग? श्मीडचं घर आमचंच. माझ्या आजेसासऱ्याच्या आधीपासून लोहाराचं घर म्हणतात त्याला. आत वुर्डाक राहायला आले म्हणून घराचं नाव बदलतं होय? तू गेलीस कुठे?"

"श्मीडांकडे. आडनावाच्या."

"अगं बाई. त्यांचं ते न्हाव्याचं घर. आणि तो श्मीड गव्हाची बिअर करतो."

डोर्टेने पिंपातल्या बिअरचा ग्लास पुढे केला. बाबेटने तो घेतला, हुंगला आणि एक घोट तोंडात घोळवला.

"केळं," ती म्हणाली. "गव्हाच्या यीस्टचा वास हा. चांदणीखाली ही असली बिअर? पाळी कुणाकडे जाते, माहीत आहे ना?"

माहीत होतं. बाबेटच्याच घराकडे.

बाबेट शेगडीजवळच्या खुर्चीकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "एरहार्ट, हा उद्योग कुणाचा रे?"

डोर्टेही तिकडे वळली. 'तिचा' म्हणाला तर खोटं काय होतं त्यात? आणि त्याच्या तोंडून कुठला शब्द निघेल, याचा तरी काय भरवसा? एरहार्टने दोघींकडे पाहिलं. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"आमचा," तो म्हणाला.

तो चूक सुधारेल म्हणून बाबेट थांबली. त्याने डोर्टेकडे हात केला आणि पुन्हा म्हणाला, "आमचा."

हा शब्द चुकून आला की नेमका आला, हे विचारायची म्हातारीची छाती झाली नाही. तिने तोंड वाकडं करत उरलेला ग्लास संपवला आणि ओठ पुसले.

"शिडी कुठे ठेवलीय गं?" तिने डोर्टेला विचारलं.