पांढऱ्या कव्हरावरची हळद

ओल्या हळदीचा वास मातकट असतो. मग ती शिजते, अंगणात पसरून वाळते, पॉलिशच्या ड्रममध्ये घोळली जाते, आणि फाल्गुन-चैत्रात वसमतच्या आमच्या गल्लीत तो वास इतका दाटतो की दुपारचं ऊनही त्याच्याच रंगाचं वाटू लागतं. त्या वासाच्या आडून माझी फसवणूक झाली. एरवी मी संशयी बाई आहे. कचेरीत खाडाखोड झालेला कागद आला, की उजेडात धरून पाहिल्याशिवाय पुढे सरकवत नाही.

पौषात सासूबाईंचे गुडघे वाकेनासे झाले, तेव्हा न्हाणीघरालगत कमोड बसवला. थंडीच्या पहाटे तिथून आल्या की त्या कुरकुरत, "बर्फावर बसल्यावानी होतंय गं." म्हणून जन्मात मशीनला पाय न लावलेली मी सीटचं कव्हर शिवायला बसले. वर्तमानपत्रावर नमुना काढला, जुनी पांढरी चादर कापली, शिलाईची माया सोडायला विसरले आणि पहिलं कव्हर सीटवर चढेचना. दुसऱ्याच्या नेफ्यात इलॅस्टिक ओवताना सेफ्टीपिन आतच उघडली. फ्लशच्या टाकीला शिवलेलं कव्हर तर असं दिसलं, की तिला कुणी धाकट्या भावाचं झबलं चढवलंय. सासूबाई दारात उभ्या राहून पोटभर हसल्या, आणि मग कापड चिमटीत धरून म्हणाल्या, "पांढरं काहून घेतलं? डाळिंबी घ्यायचं की. हळदीच्या घरात पांढरं टिकतं व्हय?"

माझ्या हातच्या कामाला नाव ठेवायची ही नवी रीत, असं मला वाटलं. हट्टानं मी आणखी दोन कव्हरं शिवली, तीही पांढरीच.

फाल्गुनात हळद शिजली. ती निवडता-निवडता सासूबाईंचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले आणि कव्हरांवर लाल डाग दिसू लागले. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यात विचारण्यासारखं काय? "साबण लागला गं," त्या म्हणाल्या, आणि मी मान डोलावली.

पण श्रावण आला. हळद केव्हाच मोंढ्यावर जाऊन विकली गेली होती, अंगणात शेवाळ धरलं होतं, सासूबाईंची बोटं पुन्हा गव्हाळ झाली होती, आणि डाग मात्र थांबले नव्हते. मी उठायच्या आत त्या कव्हर धुऊन टाकत. वाळत घालत तेही गच्चीवरच्या उन्हात नव्हे, तर मागच्या बोळात, लुगड्याच्या आडोशाला. उन्हात हळद उडून जाते. मग या डागांना ऊन का नको? त्यांच्या पाठीवर माझी नजर राहू लागली. दोन पायऱ्या चढल्या की त्या भिंतीला हात लावत. आपण आपल्याच माणसावर पाळत ठेवतो आहोत, याची लाज वाटे आणि तरी डोळे तिकडेच वळत.

एका रविवारी पावसानं उघडीप दिली. पागोळ्यांतून धुतलेलं ऊन बोळात उतरलं होतं. मी दोरीवरचं कव्हर ओढलं आणि त्यावर लिंबू पिळलं, कारण साबणानं लाल झालेली हळद लिंबानं पुन्हा पिवळी होते. कडेचा एक ठिपका पाहता-पाहता पिवळा झाला. स्वयंपाकातली हळद असणार. मधला मोठा डाग हलला नाही. मी उरलेलं अर्धं लिंबूही त्यावरच पिळलं. तो तसाच तपकिरी-लाल बसून राहिला.

"लिंबू फुकट घालवलंस," मागून सासूबाई म्हणाल्या. "मला इचारायचं ना."

"कधीपासून, आत्याबाई?"

"हळद शिजली तवापासून. पाळी जाऊन वीस वर्सं झाली पोरी, अन् आता हे. कोनाला सांगू?"

म्हणजे फाल्गुनातले ते डागही! मला त्यांचा इतका राग आला की रडू फुटलं. मी कव्हर तिथंच टाकलं आणि उद्याच नांदेडला डॉक्टरीणबाईंकडे जायचं, असं दटावून सांगितलं. त्या 'व्हय' म्हणाल्या, पण एका अटीवर. "तिनं बघितल्याबिगर पोराला सांगू नको. त्याचा जीव घाबरा हाय."

संध्याकाळी नवरा घरी आला. पाय धुवायला बोळात गेला आणि खाली पडलेलं कव्हर उचलून त्यानं विचारलं, "हे लाल काय गं?"

चवळीच्या शेंगा निवडणारे सासूबाईंचे हात थांबले.

"काही नाही, हळदीला साबण लागला," मी म्हणाले.

त्यानं 'बरं' म्हटलं, कव्हर दोरीवर टाकलं आणि तो चहाला आत आला. वसमतचाच माणूस, त्याला पटलं. किती चटकन पटतं ते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.