दोन डावे पंख

मागच्या रविवारी दुपारी नांदगाव पेठच्या आमच्या शेडमध्ये मी चक्क फरशीवर बसून रडले. वय बावन्न, आयटीआयमध्ये ड्रॉईंग शिकवते... आणि समोर अर्धवट विमान.

विमान म्हणजे किट. सुटे भाग आणि पत्रे पेटीत येतात, पुस्तकात बघत वाकवायचे, जोडायचे, की दोन जणांचं छोटं विमान तयार. आमच्या पुस्तकात मात्र एकेचाळीसनंतर थेट त्रेचाळिसावं पान आहे. कंपनी बंद पडलीय, मेल परत येतात... मधल्या पानावर काय होतं ते देवालाच ठाऊक.

माझे जोडीदार अकोल्याचे युसूफभाई. साठी ओलांडलेले, आयुष्यभर बसच्या बॉड्या बांधल्या. पत्रे जोडायला त्यांनी मारलेल्या रिवेटवरून बोट फिरवलं तर जाणवतही नाही. पण दोन वर्षांपासून हात थरथरतात, आणि डॉक्टर म्हणतात हे वाढतच जाणार.

हात चालतोय तोवर एक अख्खा पंख त्यांना स्वतः करायचा होता. शेडमध्ये दोन पंखांना जागाही नव्हती. म्हणून ठरलं, एक मी इथे करायचा, दुसरा त्यांनी अकोल्याला. पुस्तकात चित्र एकाच पंखाचं... मग मी माझ्या कामाचे फोटो पाठवायचे आणि ते हुबेहूब तसंच करायचे.

एकदा त्यांचा फोन आला होता. "मॅडम, हे दोनी एकाच अंगाचे तं नाई होऊन राहिले? मले जराशी शंका येऊन राहिली."

मी पेपर तपासत होते, वैतागलेली होते. "युसूफभाई, फोटोत आहे तसंच करा, उगाच डोकं लावू नका," असं म्हणून फोन ठेवला. माझं हे वाक्य मला आता घास घेतानाही आठवतं.

रविवारी त्यांचा पंख गोधड्यांत गुंडाळून पिकअपमधून आला. मूर्तिजापूर, बडनेरा करत ते स्वतः मागे बसून, त्यावर हात ठेवून आले. गोधडी काढली आणि... काय काम होतं! माझा पंख त्याच्या शेजारी ठेवायची लाज वाटली.

विमानाच्या उजव्या बाजूला लावायला गेलो. पुढची कड पुढे केली की फुगीर बाजू खाली जायची. फुगीर बाजू वर घेतली की पुढची कड शेपटीकडे. तीन-चार वेळा फिरवून पाहिला तेव्हा कळलं... वर्षभर खपून आम्ही दोन डावे पंख केले होते.

उजवी बाजू म्हणजे डावीचं आरशातलं रूप. हे मी पोरांना पहिल्याच आठवड्यात शिकवते. मी!

आता एक पंख खोलायचा. एकेक रिवेट ड्रिलने काढायचा, वाकवलेले पत्रे भंगारात टाकायचे आणि नवे पत्रे आणून उजवा पहिल्यापासून करायचा.

युसूफभाईंनी आपल्या पंखावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "माहा खोला. तुमचा राहू द्या."

"तुम्ही विचारलं होतं मला," मी म्हटलं.

"इचारलं, पन केलं तं मीच ना जी."

मी ड्रिल उचललं आणि माझ्या पंखाचा पहिला रिवेट काढला. त्यांचा पंख उघडायला माझा हात धजलाच नसता. तसा पंख आता त्यांच्याकडून पुन्हा होणार नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

ते जवळ येऊन बसले. "उजवा मंग तुमालेच करा लागते मॅडम. माह्या हातानं आता होत नाई." मग म्हणाले, "पुस्तकात पान नाई तं काय झालं... मले इचारजा."

विमान उडेल का, आणि उडेल तेव्हा त्यांना आत चढून बसता येईल का... खरं सांगू, आशा फार वाटत नाही. माझा पंख अजून निम्माही खोलून झालेला नाही.

काल उजव्याची पहिली पट्टी आखली. भोक पाडण्याआधी अकोल्याला फोन लावला, फोटो पाठवला आणि म्हटलं, "युसूफभाई, जरा डोकं लावा..."