घुशीच्या पोटातला संडास

धाकटा भाऊ निवृत्त झाला आणि त्याने माझ्या जेवणाच्या टेबलावर घूस पाळली. घूस म्हणजे बोगदा खणणारं अगडबंब मशीन. जमिनीखालून कुरतडत जातं म्हणून त्याच्या टोळीनेच ते नाव ठेवलेलं. उभा जन्म याने ते चालवलं. बायको गेल्यावर माझ्याकडे राहायला आला, तेव्हा वाटलं, आता वर्तमानपत्र वाचेल, भाजी आणेल. कसचं काय. घुशीचं हुबेहूब लहान मॉडेल करायला बसला.

घरभर चिकटवणीचा वास. साखरेत पत्र्याचा कीस. एकदा चहा पिताना माझ्या दाताखाली काहीतरी कडक आलं.

"ताई, थुंक, थुंक. पुढच्या तोंडाचा दात आहे तो. सकाळपासून शोधतोय."

मी तो थुंकला. त्याने तो बशीतून उचलला, शर्टाला पुसला आणि जागच्या जागी बसवला. मला पुढे दोन दिवस चहा गेला नाही.

काम मात्र चोख होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पुढचं गोल दातेरी तोंड फिरायचं. माती मागे नेणारा पट्टा सरकायचा. चालकाची केबिन, तिच्यात खुर्ची, खुर्चीवर फाटकी उशी. आणि शेपटाकडे, पाइपांच्या आडोशाला, नखाएवढा संडास. दार उघडायचं, आतून कडीसुद्धा लागायची.

ही कडी फुकट मिळालेली नव्हती. सुरुवातीला मशीनवर संडासच नव्हता. मागे एक झाकणाची बादली असायची आणि ती भरली की बाहेर न्यायचं काम एकाच माणसाच्या गळ्यात पडायचं. त्याचं नावच बादली पडलं. एकदा ती रुळांवर त्याच्या अंगावर सांडली. वरून निरोप आला, धुऊन घ्या आणि कामाला लागा. बादली तिथेच फतकल मारून बसला. माझ्या भावाने मशीन बंद केलं आणि संडास बसेपर्यंत चालू केलं नाही. तो आतून कडी लागणारा हवा, हे बादलीने बजावून सांगितलं होतं. माझ्या भावाने आयुष्यात एकच काम ताठ मानेने केलं असेल, तर हे.

मॉडेल पुरं झालं तशी त्याच्या जुन्या कंपनीने चौकशी केली. दर्शनी दालनात काचेच्या पेटीत ठेवू, खाली पितळी पाटीवर तुमचं नाव घालू, जुन्या टोळीलाही बोलावू. भाऊ हुरळला. टोळीने आपापली जागा काचेत बघावी, हीच तर त्याची इच्छा होती. मग कंपनीची प्रसिद्धी बघणारी बाई घरी आली. पोरसवदा, गोड बोलणारी. घुशीभोवती फिरली आणि शेपटाशी थबकली.

"काका, कमाल आहे तुमची. फक्त हे जरा..."

"काय हे?" मी विचारलं.

"हे म्हणजे... ते. शाळांच्या सहली येतात, परदेशी पाहुणे येतात. बरं दिसत नाही."

"तुमच्या ऑफिसात नाहीये का ते?"

ती हसली. असलं हसू शिकवतात की काय कोण जाणे, कितीही घासा, पुसलं जात नाही. "आजी, तसं नाही हो. पण हे असेल तर साहेब पेटी मंजूर करणार नाहीत."

ती गेल्यावर मी म्हटलं, "नाही म्हणून कळव. राहू दे टेबलावरच. मी मांडीवर ताट घेऊन जेवेन."

"एवढ्याशा डबीसाठी सगळं घालवू?"

"ती डबी नाही, तुला ठाऊक आहे."

"ताई, तुझं काय जातंय बोलायला," असं म्हणून त्याने पेचकस घेतला. संडास काढला, काड्यापेटीत ठेवला आणि ती खिशात टाकली. इतक्या हलक्या हाताने काढला की मला शिसारी आली. तोडून काढला असता तरी बरं वाटलं असतं.

अनावरणाला बादली सुनेला घेऊन आला होता. गुडघे गेलेले, पण इस्त्रीचा शर्ट. काचेवर बोट ठेवून तिला सांगत होता, "हा मातीचा पट्टा. इथं बसून आम्ही डबा खायचो. इथं तुझे हे काका बसायचे, राजासारखे. आणि इथं..."

बोट थांबलं. तिथे कंपनीचं बोधचिन्ह चिकटवलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरांत 'स्वच्छता आणि सुरक्षा'.

"संडास कुठाय रे?"

"राहून गेला," भाऊ म्हणाला.

बादली काचेला नाक लावून बघत राहिला. "राहिलेला नाही. चिकटवलंय त्याच्या कडेला स्क्रूची भोकं दिसतायत. काढलायस."

भावाने खिशातून काड्यापेटी काढली आणि उघडून दाखवली. कशासाठी, देव जाणे. बादलीने आत बघितलं. कडीला नख लावून बघितलं.

"मग बसव की. मी थांबतो."

भावाने पेटीच्या कुलपाकडे बघितलं. किल्ली त्या बाईकडे होती आणि बाई चार पावलांवर होती. नुसतं मागायचं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "काका, फोटो. इकडे बघा, पाटीजवळ या."

आणि काका गेले. काड्यापेटी मुठीत, मूठ पाठीमागे.

बादलीने सुनेचा हात धरला. "चल गं. यात आपलं काही नाही." चहाचे कप भरून ठेवले होते, त्यांतल्या एकालाही तो शिवला नाही. मीही त्यांच्याबरोबर बाहेर पडले.

संध्याकाळी भाऊ घरी आला. रिकाम्या टेबलाशी बसला आणि फोन माझ्यापुढे धरला.

"फोटो चांगला आलाय ना, ताई? पाटी स्पष्ट वाचता येते."

"येते."

"बादलीला पाठवू का?"

"पाठव."

"काय लिहू खाली?"

"तुझं तू बघ. मी भात लावतेय."

स्वयंपाकघरातून मला दिसत होतं. लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा. भात झाला, वाढला, निवून गोळा झाला. त्याने फोन पालथा घातला आणि जेवायला लागला.