पायाच्या अंगठ्याला बांधलेला दोरा

मी पेडण्याला हायस्कूलमध्ये गणित शिकवते. पुनर्जन्म वगैरे मला कधीच पटलेलं नाही, आणि हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण त्याहून जास्त राग आमच्या माणसांचा येतोय, म्हणून लिहितेच.

माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. अचानक. मी रडले, त्यांचे शर्ट कपाटात तसेच ठेवले... त्यात कुणाचं काय गेलं? पण कोरगावची माझी नणंद सत्संगाला जाते. गेल्या वर्षी तिने मला न विचारता, भावाला गती मिळाली का म्हणून देवळात कौल लावला. देवाला चिकटवलेली पाकळी डावी पडली, म्हणजे उत्तर 'नाही', आणि ही बाई माझ्या दारात हजर.

"वैनी, तू सोडूक नाय म्हणान दादा अडकान रवलो. त्येका पुढचो जन्म मेळणा नाय."

म्हणजे मेले ते, रडले मी, आणि गुन्हेगारही मीच! ती आली की आसक्तीवर प्रवचन ठरलेलं. वर्षभर मी ऐकून घेतलं. मनात मात्र बोच राहिली, की खरंच माझ्यामुळे ते अडकले असतील तर?

पार्सेला आमची काजूची बाग आहे. यंदा मार्चमध्ये काजू गोळा करायला सावंतवाडीकडचं एक जोडपं आलं होतं, सोबत त्यांची तीन-साडेतीन वर्षांची मुलगी. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मी बागेत गेले. नणंदही होती बरोबर.

पोरगी झाडाखाली बसली होती. दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं, दुसरं हातात. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, आणि बी यांच्यामध्ये दोरा घालून ओढायची, की बी टपकन खाली. सगळे हाताने पिळून बी काढतात. असा दोरा फक्त आमचे हे लावायचे, कारण डिचोलीला खाणीवर असताना ट्रकच्या फाळक्यात त्यांच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली होती. पोरीची दहाही बोटं धड. पण उजव्या हाताची शेवटची दोन तिने दुमडून घेतली होती... नेमकी तीच.

मी तिच्या आईला विचारलं, हिला हे कुणी शिकवलं?

"काय म्हायत बाई. आमच्यात कोण असा करणा नाय."

मी पोरीसमोर जाऊन उभी राहिले. तिने एकदा वर बघितलं. ओळख नाही, काही नाही.

"बाजूक सर गे. माका दिसणा नाय."

आणि पुन्हा कामाला लागली. तुम्हाला सांगते, मला हसू आलं नाही की रडू. संताप आला. मनातल्या मनात यांना म्हटलं, चार वर्षं मी इथे जळतेय आणि तुम्ही खुशाल...

तेवढ्यात नणंदेने माझा दंड धरला. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. "वैनी, दादाच हा गे तो. हिका देवळात व्हरया, कौल लावया. हेंका आपल्याकडेच ठेवन घेवया."

वर्षभर मला सोड सोड म्हणणारी ही बाई! मी तिचा हात झटकला आणि सांगितलं, "पोर तिच्या आईची आहे. तिच्याजवळ यातलं एक अक्षर बोललीस तर माझ्याशी गाठ आहे."

मेअखेर ते लोक गेले. योगायोग म्हणा, काहीही म्हणा. नणंद अजून बोलत नाही माझ्याशी. तिला वाटतं मी दगड आहे. त्या दिवशी पोरीला उचलून छातीशी धरायला माझे हात किती शिवशिवत होते, ते तिला कोण सांगणार?