दादाच्या मापाची होडी

शिवणकामाचं दुकान आवरून मास्तर घरी बसले, तरी टेप काही गळ्यातून उतरला नाही. आंघोळीपुरता खुंटीवर, की पुन्हा गळ्यात. गिऱ्हाइकाचं माप त्यांनी जन्मात कधी लिहून ठेवलं नाही. एकदा टेप फिरला की ते डोक्यात बसायचं, आणि वर्षांनी उगवलेल्या माणसालाही मास्तर सांगायचे, "उजवी बाही तुम्हाला अर्धा इंच जास्त लागते." याचा त्यांना भारी तोरा होता. खरं सांगायचं तर त्या तोऱ्यानेच त्यांचा घात केला, पण ते पुढे.

तर असा हा माणूस म्हातारपणी होडी घ्यायला निघाला. कारण होतं दादाचा फोन. दादा म्हणजे मास्तरांचा थोरला भाऊ. लेकीकडे, लांब राहायचा. वहिनी गेल्यापासून फोनवर 'हो' आणि 'बरं' यापलीकडे त्याची गाडी जात नसे. त्या दिवशी मात्र आपणहून म्हणाला, "धाकट्या, एकदा तळ्यावर नेशील का? गळ टाकून बसू दोघं. पुन्हा जमेल न जमेल."

फोन ठेवून मास्तर मागच्या दारात जाऊन उभे राहिले. घरामागे तळं होतं, गळ होते, पण वडिलांची लाकडी होडी कुजून केव्हाच मातीत गेली होती. काय होडी होती ती! म्हणजे तशी धडाची नव्हतीच. मध्ये बसायला एकच आडवी फळी, आणि दादा अंगापिंडाने असा दांडगा की तो बसला की फळी संपली. मग धाकट्याने तळाशी बसायचं, हातात डबा घेऊन गळतीचं पाणी उपसत. दादा दोन्ही वल्ही मारायचा. मासा लागला की हळूच गळ धाकट्याच्या हातात द्यायचा आणि घरी आईला सांगायचा, "यानेच पकडला." मास्तरांनी पुढे आयुष्यात बरंच काही मिळवलं, पण त्या ओल्या चड्डीतलं सुख त्यांना परत कुठे सापडलं नाही.

होड्यांच्या दुकानात मास्तरीणबाई सोबत गेल्या. नवऱ्याला एकट्याला बाजारात सोडायची त्यांची पद्धत नव्हती. सगळ्यात स्वस्त होती हवा भरायची रबरी होडी. बाईंनी तिला बोट लावून पाहिलं. "गळ टोचला की तुम्ही दोघं आणि मासे एकाच घरात," त्या म्हणाल्या. रबरी होडी बाद झाली.

दुसरी प्लॅस्टिकची, अरुंद, वजनाला हलकी. दोन म्हाताऱ्यांना उचलता येईल अशी, आणि खिशालाही झेपणारी. बाईंना ती पटली. पण मास्तरांनी टेप काढला, वाकून बसायची जागा मोजली आणि मान हलवली.

"दादाच्या पँटची सीट चव्वेचाळीस. यात बसला तर बाहेर काढायला सुतार बोलवावा लागेल."

"काका, होडी घेताय की पँट शिवताय?" दुकानदाराने विचारलं.

"दोन्हीत माणूसच बसतो ना?" मास्तर म्हणाले.

तिसरी कोपऱ्यात पालथी पडली होती. जुनी, फायबरची, पण रुंद, आणि मधली फळी ऐसपैस. मास्तरांनी डोळे मिटून दादाला त्या फळीवर बसवून पाहिलं आणि वर, शिवणीत सोडतात तशी, चांगली माया सोडली. होडी ठरली. भाव मात्र आवाक्याबाहेरचा होता. बाईंनी अंथरूण पाहून पाय पसरण्याबद्दल दोन शब्द सुनावले, पण मास्तरांनी ऐकलं नाही. त्यांनी काजं करायचं मशीन विकलं. दुकान आवरताना तेवढं एकच त्यांनी जिवापाड जपून घरी आणलं होतं. ते टेम्पोत चढताना मास्तर घरात पाणी प्यायला गेले आणि टेम्पो जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पुतणी दादाला घेऊन आली. गाडीचं दार उघडलं, आधी काठी बाहेर आली, मग दादा. अंगावर मास्तरांनीच शिवलेला कोट होता. मास्तरांनी माणूस पाहण्याआधी कोट पाहिला, सवयच ती. खांदे निम्म्या दंडापर्यंत उतरलेले, छातीवर कापडाची नुसती घडी. वहिनी गेल्या तेव्हा भेट झाली होती, त्याला चार वर्षं झाली. फोनवर आवाज तोच यायचा, मग डोक्यातलं माप बदलायचं कसं? त्या कोटात दादा शोधावा लागत होता. दादाला धरून आत नेताना तो मास्तरांच्या हाताला लागला नाही, नुसत्या बाह्या लागल्या.

स्वयंपाकघरात बाई हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, त्या प्लॅस्टिकच्या होडीतसुद्धा भावजी सहज मावले असते." टोमणा नव्हता तो, त्यांचेही डोळे भरले होते. मशीनचं मास्तरांना काही वाटलं नाही. आपण मोठ्या हौसेने ज्या दादासाठी होडी आणली तो आता कुठेच नाही, याचं मात्र फार वाईट वाटलं.

सकाळी सगळ्यांनी मिळून दादाला होडीत चढवलं. रुंद फळीच्या एका टोकाला तो बसला, आणि उरलेली फळी रिकामी. मास्तर मागून चढले, आणि जन्माची सवय, गुडघे कुरकुरत असतानाही तळाशी बसायला वाकले.

"खाली कुठे बसतोस?" दादा म्हणाला. "इथे ये. आता जागा आहे."

मास्तर शेजारी बसले. खांद्याला खांदा लागला. दोघांच्या दोन बाजूंना दोन वल्ही, मग एकेकाने एकेक घेतलं. चार हात मारले तोच होडी गोल फिरून दादाच्या बाजूला वळायला लागली. दादाच्या हातात जोरच नव्हता. मास्तरांनी ते ओळखलं आणि आपला हात सैल सोडला. दादा ओढेल तेवढंच आपण ओढायचं. होडी सरळ झाली आणि हळूहळू काठ मागे पडला.

"लेका, पाणी उपसणाराच राहिलास तू," दादा हसत म्हणाला. किती दिवसांनी हसला होता. "जोर लाव की जरा."

"लावतोय, दादा," मास्तर म्हणाले, आणि वल्हं आणखी हलक्या हाताने ओढलं.