सशांची सोय

ससा हा लाडाचा प्राणी नाही, हे मला ससे पाळल्यावर कळलं. तो मांजरासारखा मांडीत येऊन बसत नाही, हाकेला धावत नाही. उचलून घेतला की पाय झाडतो आणि हातावर ओरखडे काढतो. तरी त्या दोघींवर माझा जीव जडला होता. एक पांढरी आणि एक राखाडी. दोन्ही माद्याच आहेत, असं वापीच्या बाजारात विकणाऱ्यानं वडिलांना सांगितलं होतं आणि सुदैवानं ते खरं निघालं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. वडील सिल्वासातल्या एका मराठी शाळेत शिक्षक होते आणि आम्ही डोकमर्डीला भाड्याच्या घरात राहायचो. घराला मागे छोटं अंगण होतं, त्यात पेरूचं झाड. कारखान्यातून माल भरून येणाऱ्या लाकडी खोक्यांच्या फळ्या स्वस्तात मिळायच्या. त्यांचा पिंजरा वडिलांनी दोन रविवार खपून बनवला आणि पेरूखाली ठेवला. मी अकरा वर्षांची होते, एकुलती एक होते आणि फार शहाणी होते. निदान माझी तशी समजूत होती.

सशांना गवत आणायची सुरंगी गावातली एक आदिवासी बाई. ती आठवड्यातून दोनदा बसनं बाजाराला यायची. डोक्यावर सरपणाची मोळी, कधी रानभाजी, कधी पत्रावळींची पानं. बाजाराच्या वाटेवर आमच्या अंगणात थांबायची, आईला भाजी द्यायची आणि सशांसाठी हिरव्या गवताचा एक भारा टाकून जायची. गवत ओलं द्यायचं नाही, पोट फुगतं. उन्हात टाकून जरा सुकू द्यायचं. हे मला तिनंच शिकवलं. ती आईपेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी असेल. मी तिला ‘तू’ म्हणायचे. आमच्याकडे सगळेच म्हणायचे आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नव्हतं.

गवत टाकून झालं की ती पिंजऱ्यापाशी उकिडवी बसायची आणि मला रानातल्या गोष्टी सांगायची. अस्वल मोहाची फुलं खाऊन कसं झिंगतं, मोर पावसाआधी कुठं बसतो. एकदा तिनं नवऱ्याची गोष्ट सांगितली. तरुणपणी तो रानातले ससे जाळ्यात पकडायचा. जाळं झुडपांत लावायचं आणि दुसऱ्या बाजूनं ओरडत यायचं. मग त्यांचं काय करायचा, असं मी विचारलं. ती हसून म्हणाली, “खायचा. आजून काय करनार?” आणि पांढरीच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, “ह्यांना नाय गं कोन खात. हे घरचे.”

मे महिन्यात आम्ही महिनाभर कोकणात जायचो. वापीहून रेल्वे, मग दिवसभर एसटी. त्या प्रवासात माणसंच अर्धी होत, तिथं सशांचा काय पाड! आदल्या वर्षी ससे नव्हते, त्यामुळे प्रश्न नव्हता. या वर्षी मात्र एप्रिलपासूनच मी आईच्या मागे लागले होते. सशांची सोय झाल्याशिवाय मी येणार नाही, असं मी जाहीर केलं.

हे आईशी बोलणं चालू असताना ती बाई अंगणातच होती. भारा खाली ठेवून म्हणाली, “बाय, माझ्याकडं दे. घर गार हाय माझं. जगतील.”

आई काही बोलायच्या आत मी म्हणाले, “नको. तुम्ही लोक ससे खाता.”

तोंडावर म्हणाले. तिनंच विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी तिच्यावरच उलटवली. आईनं मला दटावलं नाही, हेही मला लख्ख आठवतं. ती फक्त म्हणाली, “बघू, विचार करते.” म्हणजे तिच्याही मनात तेच होतं. बाईनं माझ्याकडे पाहिलं, गवताचा भारा सोडून पसरून ठेवला आणि मोळी उचलून बाजाराला गेली. त्या दिवशी ती पिंजऱ्यापाशी बसली नाही.

खरं तर आम्ही पक्के मासेखाऊ. रविवारी दमणहून आलेली ताजी पापलेटं मिळाली नाहीत तर वडिलांचं तोंड उतरायचं. पण म्हणतात ना, आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून. सशांसाठी घर शोधायला निघालो, तेव्हा आम्ही एकच गोष्ट बघितली. कोण काय खातं.

त्या कसोटीला उतरले ते जवळच्याच आमलीतले एक गृहस्थ. धुळ्याकडचे, सुताच्या कारखान्यात कामाला, मुलगी वडिलांच्या वर्गात. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा बेतानं. नवराबायको दोघंही मायाळू. “आपली माणसं आहेत,” आई म्हणाली आणि निश्चिंत झाली. वडिलांनी हातगाडीवरून पिंजरा पोचवला. मी सोबत एक कागद दिला, त्यावर कधी काय खायला द्यायचं ते लिहिलं होतं. पिंजरा कुठं ठेवणार, हे आम्ही तिघांपैकी एकानंही विचारलं नाही.

कोकणात महिना मजेत गेला. खोटं कशाला बोलू, पहिल्या आठवड्यानंतर मला सशांची आठवण रोज येत नव्हती.

परत आलो त्या संध्याकाळीच मी वडिलांना घेऊन आमलीला गेले. दहा खोल्यांची एक ओळ, वर पत्रे. त्या गृहस्थांची बायको दारात धान्य निवडत बसली होती. आम्हाला बघताच तिनं सूप बाजूला ठेवलं आणि पदर तोंडाला लावला. मला तिथंच समजलं.

“मास्तर, मना जीव तुटस,” ती म्हणाली आणि रडायला लागली. मग हळूहळू सगळं सांगितलं. बाहेर कुत्री फिरतात म्हणून पिंजरा आत घेतला होता. वर पत्रा. दुपारी बारा ते चार खोलीत माणसाला बसवत नसे. सशाला घाम येत नाही, तो उष्णता बाहेर टाकणार कशी? ती पोत्याची फडकी ओली करून पिंजऱ्यावर टाकायची. घरात एकच टेबलपंखा. तो दिवसभर सशांकडे तोंड करून ठेवलेला. नवरा रात्रपाळी करून यायचा आणि दिवसा त्याच खोलीत पंख्याशिवाय झोपायचा. एका दुपारी वीज गेली ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही. पांढरी आडवी पडली आणि पुन्हा उठली नाही.

“मिठात ठेवून पुरली तिला, मास्तर. मागं, लिंबाखाली. हळदकुंकू वाहिलं.”

मी विचारलं, “आणि राखाडी?”

राखाडीही धापा टाकत होती. त्या गृहस्थांच्या बायकोला काही सुचेना. ती पिंजरा उचलून रस्त्यावर आली, कुठं सावली मिळते का बघायला. आमलीच्या नाक्यावर सुरंगीची ती बाई पत्रावळींची पानं विकायला बसली होती. तिनं पिंजरा ओळखला. उठून आली, राखाडीचे कान हातात धरून बघितले आणि म्हणाली, हिला इथं ठेवलीस तर संध्याकाळ बघणार नाही. माझं घर गार आहे. कान ओल्या फडक्यानं पुसून, पानं तशीच टाकून, ती राखाडीला टोपलीत घालून मिळेल त्या जीपनं गेली.

“अन् तुम्ही दिली?” मी विचारलं.

“दिली ना, माय. ती म्हणे घर गार हाय.” त्या माळकरी बाईनं माझ्याकडे सरळ बघत सांगितलं. सुरंगीची बाई काय खाते, हा प्रश्न हिच्या डोक्यातही आला नव्हता.

माझ्या मात्र आला. पांढरी मेली होती, समोरची बाई रडत होती आणि मी मनात म्हणत होते, गेली राखाडी, खाल्ली असणार. जित्याची खोड म्हणतात ती ही. आज इतक्या वर्षांनी ते लिहिताना लाज वाटते. तेव्हा नुसती भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आई मला घेऊन सुरंगीला गेली. सिल्वासात इतकी वर्षं राहून आई तिकडे पहिल्यांदाच जात होती. बसमधून उतरून शेतांमधून बरंच चालावं लागलं. घर कुडाचं, शेणामातीनं लिंपलेलं, छप्पर इतकं उतरतं की आईला वाकून आत जावं लागलं. बाहेर ऊन रणरणत होतं. आत पाऊल टाकलं आणि अंगावरचा घाम निवाला. आई दारातच थांबली. तिनं भिंतीला हात लावून बघितला.

कोपऱ्यात बांबूची मोठी टोपली पालथी घातलेली, वर दगड. शेजारी माठ झिरपत होता, त्याच्या ओलीला राखाडी अंग टाकून बसली होती. चांगली गुबगुबीत झाली होती. दारात एक म्हातारा विडी ओढत बसला होता. हाच तो जाळी लावणारा नवरा. रानमांजर येतं म्हणून तो रोज रात्री या दाराशी आडवा झोपत होता, हे आम्हाला शेजारणीनं सांगितलं. त्या दोघांनी नाही.

बाईनं टोपली उचलली. राखाडीला कानांपाशी आणि पोटाखाली धरून माझ्यासमोर आणलं.

“बघून घे,” ती म्हणाली. “चार पाय. दोन कान. शेपूट. डोळं दोन. सगली हाय ना?”

आवाज चढलेला नव्हता. बाजारात माल दाखवतात तसा एकेक अवयव तिनं बोट लावून दाखवला. मला मान वर करता येईना. आई म्हणाली, “अगं, पोर आहे ती, तिचं काय मनावर घेतेस.” बाई म्हणाली, “पोरच हाय,” आणि राखाडी माझ्या हातात दिली. राखाडीनं पाय झाडले, हातावर ओरखडा उमटला. तेवढं निमित्त पुरलं आणि मी रडले. सगळ्यांना वाटलं पांढरीसाठी रडतेय. थोडी तिच्यासाठीही रडत होते.

माफी मागायला हवी होती. आईनंही, मीही. पण आम्ही तिला कोकणातनं आणलेली फणसपोळी दिली, पुन्हा पुन्हा ‘तुझे उपकार’ म्हणालो आणि चारची बस धरली. माफी सोडून बाकी सगळं केलं.

ती पूर्वीसारखी बाजाराला येत राहिली. गवत आणायची, सुकवून द्यायची. एका राखाडीला एवढं गवत लागत नव्हतं, तरी भारा तेवढाच असायचा.

पुढचा एप्रिल आला. या वेळी आईनं स्वतःहून तिला अंगणात बसवलं, चहा दिला, आपल्या कपांतल्याच एका कपात. मग म्हणाली, “या मे महिन्यात राखाडीला तुझ्याकडेच ठेवू. तुझ्यासारखं कोणी सांभाळणार नाही.”

बाईनं चहा संपवला, कप धुऊन पालथा घातला.

“नको बाय,” ती म्हणाली. “जनावराचा काय भरवसा. माझ्या घरात आपली आपन मेली, तर काय दाखवू तुमाला?”

मी पेरूखाली उभी होते. आता बोलायला हवं, हे मला पुरतं कळत होतं. बारा वर्षांची घोडी होते. तोंड उघडलं नाही.

त्या मे महिन्यात वडील एकटेच कोकणात गेले. आई आणि मी सशापाशी राहिलो. पेरूला ओलं पोतं बांधायचो, माठ पिंजऱ्याशेजारी ठेवायचो, सुरंगीच्या घरात बघितलं होतं तसं. बाजाराच्या दिवशी बाई यायची, भारा सोडायची, राखाडीचे कान चाचपून बघायची आणि ठीक आहे म्हणून सांगायची. मी काही विचारलं तर नीट उत्तर द्यायची. रानातली गोष्ट मात्र तिनं मला पुन्हा कधी सांगितली नाही.